शालन मगदूमचा डावा हात

माघापासून शालन मगदूमच्या तोंडून एक धड वाक्य निघालं नव्हतं. निघालं ते जेठात, आणि त्याच्या पाठोपाठ पितळेची वाटीही निघाली.

"आमटीत मीठ काय तुझा बाप येऊन घालणार?" असं ती खणखणीत म्हणाली आणि डाव्या हातातली वाटी सुनेच्या कपाळावर जाऊन आदळली. पल्लवीची भुवई फुटली. रक्ताची धार गालावरून हनुवटीपर्यंत आली. पण रक्ताकडे बघतंय कोण! मुलानं, धैर्यशीलनं, टाळ्या पिटल्या. शेजारच्या मळ्यातल्या बायका हातातली कामं टाकून पळत आल्या. "आक्का बोलली! बया गं, आक्का बोलली!" पल्लवीसुद्धा भुवईवर पदर दाबून हसत होती.

"परत बोला, आत्ती. अजून एक वाटी देऊ का?"

सगळे हसले. शालन हसली नाही. ती आपल्या डाव्या हाताकडे बघत होती, परक्याचं जनावर आपल्या दावणीला बांधलेलं दिसावं तशी.

कारण या बाईची जीभ अख्ख्या पंचक्रोशीला माहीत होती, हात कुणालाच माहीत नव्हता. तिसरीत गुरुजींनी छडी उगारली, तेव्हा "काय सांगायचं ते तोंडानं सांगा" असं त्यांना सुनावून ती दप्तर उचलून घरी आली, ती आलीच. नवरा एकदा पिऊन येऊन हात उगारायला गेला. तिनं उंबऱ्यातच त्याला असं काही बोलून घेतलं की पुढं मरेपर्यंत तो बिचारा प्यायला की आपणहून गोठ्यात जाऊन झोपायचा. मगदूम मळ्यावर शर्यतीचे बैल होते, पण त्यांच्या अंगाला कधी काठी लागली नाही. शालन धावपट्टीच्या कडेला उभी राहायची आणि आरोळी द्यायची, "हुईऽऽ रं माझ्या वाघा!" त्या आवाजावर तिचा लाडका बैल भिंगऱ्या असा सुटायचा की छकड्याची चाकं जमिनीला टेकतायत की नाही याची शंका यावी. दुसरे लोक चोरून बॅटरीची काठी वापरत. बैलाच्या मांडीला टेकवली की चर्र आवाज व्हायचा आणि जनावर जिवाच्या आकांतानं पळायचं. शालन असल्यांच्या दारात उभं राहून त्यांच्या सात पिढ्या धुवायची. "ज्याच्या जिभेत दम न्हाई त्यानं काठी धरावी," असं तिचं म्हणणं होतं आणि त्याचा तिला ताठा होता.

माघातल्या शर्यतीत भिंगऱ्या निशाणापुढं गेला. ती "जिंकलो" म्हणायला गेली, आणि तोंडातून नुसता "ज... ज..." आला. उजवा हात धोंड्यासारखा खाली पडला. मिरजेला नेईपर्यंत डोक्यातल्या रक्ताच्या गुठळीनं जे खायचं ते खाल्लं होतं. पाय पुढं हळूहळू ओढता येऊ लागला, हात मात्र मेला तो मेलाच. आणि शब्द गेले. सगळे नाही. बैलाची आरोळी राहिली आणि दोनतीन शिव्या राहिल्या. पाणी मागायचं तरी "मुडद्या" आणि देवापुढं उभं राहायचं तरी "मुडद्या". लोक तोंडावर पदर घेऊन हसत. जिला बघून पाटीलसुद्धा रस्ता बदलायचा, तिला आता शेंबडी पोरं "आक्का, काय म्हनता?" विचारून पळत.

मिरजेच्या डॉक्टर मरियम शिकलगार यांनी तिच्या खाटेवर बसून सगळं समजावलं होतं.

"काकू, बोलणं डोक्याच्या डाव्या बाजूला असतं, कानाच्या जरा वर. तिथलं शेत वाहून गेलंय. पण शिव्या, आरोळ्या, पाढे, आरत्या यांना विचार करावा लागत नाही. त्या उजवीकडं आणि खोल आत साठलेल्या असतात, म्हणून त्या वाचल्या. आता वाहून गेलेल्या शेताच्या कडेनं जिवंत पेशी आहेत, पण त्या सुस्त पडल्यात. त्यांना अगदी बारीक वीज दिली की त्या जाग्या होण्याच्या काठावर येतात. त्याच वेळी तुम्ही शब्द काढलात की तो त्या पेशींतून वाट काढतो. रोज काढलात की वाटेचा पाट होतो."

पूर्वी हे काम डोक्यावर ओल्या पट्ट्या बांधून, दवाखान्यात चित्रं दाखवत चालायचं. आता नखाएवढी चकती कानामागं कवटीच्या हाडात बसवत, तशी शालनलाही बसवली. मळ्यावर तिचं नाव टिकली पडलं. टिकली नुसती वीज द्यायची नाही, मेंदू ऐकायचीही. शब्द येण्याआधी आत काय हालचाल झाली ते ती टिपायची, आणि तशीच हालचाल पुन्हा व्हावी म्हणून कुठं, किती वीज द्यायची ते स्वतःचं स्वतः ठरवायची. दुपारी जेवणानंतर तिची जोराची पाळी असायची. चालूबंद करायचं बटण धैर्यशीलच्या फोनवर होतं.

"जिथं काकू मोकळ्या होतात, तिथं त्यांना सरावाला बसवा," डॉक्टरीण म्हणाली. तिच्या मनात चूल असेल, अंगण असेल, शेजारणींच्या गप्पा असतील. पण बैलवाल्यांच्या घराला मोकळं होण्याची जागा म्हटल्यावर दुसरं काय सुचणार! धैर्यशीलनं आईला रोज धावपट्टीच्या कडेला नेऊन बसवलं. बैल सुटले, धूळ उडाली, शालनचे डोळे तांबडे झाले, छाती भात्यासारखी हलली, आणि "हुईऽऽ रं" च्या मागोमाग एखादा शब्द घरंगळत यायचा. "फाट्यावर!" "दाब!" "मार!" घरचे खूश. टिकली आत बसून शिकत होती.

वाटीनंतर शब्द भराभर आले आणि प्रत्येक शब्दाबरोबर हात आला. तिनं दूधवाल्याच्या कानाचा लचका तोडला आणि त्याच दमात त्याच्या दुधातल्या पाण्याबद्दल तीन अस्सल वाक्यं बोलली. नणंद भेटायला आली, तिचे केस धरून तिला ओसरीवरून खाली ओढलं. ओढताना वीस वर्षांपूर्वीच्या लग्नातली मानापानाची गोष्ट एक शब्द न चुकता सांगितली. जोर ओसरला की झापड यायची. तास दोन तास ती मेल्यासारखी झोपायची आणि उठल्यावर काय घडलं ते अर्धं आठवायचं, अर्धं नाही. शांत बसली की तोंड पुन्हा कोरडं. "पाणी" म्हणायलासुद्धा आधी कुणाचा तरी राग यावा लागायचा.

मग पल्लवीच्या अंगावर खुणा दिसू लागल्या. दंडावर काळंनिळं, एकदा गळ्यावर चार बोटांचे वळ.

"हे कुणी?" शालननं खुणेनं विचारलं.

पल्लवी भांडी घासत राहिली. उत्तर धैर्यशीलनं दिलं. "आई, काल दुपारी तूच की. आठवत न्हाई व्हय तुला? असू दे. मशीन हाय ते, तू काय मुद्दाम करतीस?"

शालन त्या दिवशी जेवली नाही.

तिनं पल्लवीचा हात धरला आणि मिरजेची बस पकडली. डॉक्टरीण टिकलीचं काम बराच वेळ पडद्यावर बघत बसली. मग खुर्ची वळवून शालनसमोर आली.

"काकू, चूक आमची आहे. आम्ही तिला एकच सांगितलं होतं, शब्द वाढव. कसे वाढव ते सांगितलं नाही. तुम्ही संतापलात की शब्द येतात हे ती धावपट्टीवर शिकली. तेव्हापासून ती आधी संताप पेटवते. खोल आत जिथून राग उठतो तिथपर्यंत तिनं जोडलेल्या वाटांनी हात घातलाय. राग येतो, रागावर स्वार होऊन शब्द येतो, आणि टिकलीला वाटतं, वा, काम झालं."

पल्लवी खाली बघत होती.

"बंद केली तर बरेचसे शब्द जातील. नव्यानं शिकवायचं तर फार दिवस लागतील, आणि जमेलच असं मी सांगत नाही. एक मात्र सांगते. रागाशिवाय एक शब्द जरी आला, तरी समजा दुसरा पाट फुटला. त्याच्या मागून बाकीचे येऊ शकतात."

बंद करायची? पुन्हा "मुडद्या" वर यायचं? पुन्हा पोरांनी दात काढायचे? शालननं डावी मूठ आवळली. घरी आल्यावर धैर्यशीलनं तर उडवूनच लावलं. "बंद बिंद काय न्हाई. माझी आई बोलली पायजे. चार थपडा खाल्ल्या तर काय मरत न्हाई पल्ली."

त्याचं सध्या काही खरं नव्हतं. हात उठायला लागल्यापासून आई मैदानावर जाईनाशी झाली होती आणि तिच्या आरोळीवाचून भिंगऱ्या पट्टीवर नुसता चालायचा. मैदानावरचे लोक धैर्यशीलला "म्हशी घे" म्हणून ओरडायचे. त्यानं गोठ्यात वैरणीमागं काहीतरी लपवलेलं होतं आणि हल्ली तो जवळून गेला की भिंगऱ्याच्या मांडीची कातडी थरथरायची. शालन ते बघायची. बोलायला जायची. शब्द यायचा नाही आणि हात उठायला लागला की ती स्वतःलाच भिऊन घरात निघून जायची.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर, टिकलीचा जोर चढायच्या आधी, तिनं बैलाचा जुना कासरा आणला आणि पल्लवीसमोर टाकला. डावा हात पुढं केला. मग बाजेच्या पायाकडं बोट दाखवलं.

"आत्ती, काय हे? तुम्हाला बांधू?"

शालननं मान हलवली.

"जनावरासारखं?"

शालननं दोनदा मान हलवली. पल्लवी कासरा हातात घेऊन उभीच राहिली. तिच्या ओठाशी काहीतरी आलं होतं आणि ते ती गिळत होती. शेवटी ती खाली बसली, सासूच्या मनगटाला चिंधी गुंडाळली, वरून कासरा आवळला, दुसरं टोक बाजेच्या पायाला बांधून गाठ मारली. मस्तवाल बैलाला मारतात ती गाठ, एका हातानं कुणाच्या बापाला सुटायची नाही. बांधताना तिचे हात कापत होते. शालनला वाटलं, मला भिऊनच कापतायत.

"तुम्ही वाटी मारली होती ना," पल्लवी गाठीकडं बघत पुटपुटली, "ती खरी तुम्हीच मारली होती." आणि उठून गेली.

जोर आला. शालन बाजेवर कासऱ्याला हिसके देत, छताला, देवाला, मेलेल्या नवऱ्याला सडकून बोलली. मग झापड आली.

जाग आली ती अंगणातल्या आवाजानं. पल्लवीचे वडील, आण्णा चौगुले, तालुक्याहून येता येता लेकीला पेरू द्यायला थांबले होते. पेरूंची पिशवी अंगणात सांडली होती. त्यांच्यासमोर पल्लवी उभी होती. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, डावा दंड दुसऱ्या हातानं धरलेला.

"कुणी केलं हे?" आण्णांचा आवाज फुटत होता.

"आईनं," धैर्यशील म्हणाला. "आण्णा, तुम्हाला ठाऊक हाय आईचं मशीन. मी शर्यतीवरनं आत्ता आलो, बघतो तर हे असं. काय करायचं सांगा? आईला घराबाहेर काढू?"

शालननं मनगटाकडं पाहिलं. कासरा होता. चिंधी होती. गाठ होती, पल्लवीनं मारली तशीच्या तशी.

ती उठली. बाज हलकी होती, सुंभाची. एक पाय ओढत, बाज मागं फरफटत ती दाराकडे निघाली. मडकं फुटलं, कोनाड्यातला आरसा खाली आला. बाज चौकटीत आडवी अडकली आणि हिसक्यानं शालन ओसरीवर गुडघ्यांवर पडली, हात मागं ताणलेला, खांदा निखळेल असा. अंगणातली तिघंही तिच्याकडे बघत राहिली.

"हे काय?" आण्णा म्हणाले. "ह्यांना कुणी बांधलं?"

धैर्यशील क्षणभर गडबडला, क्षणभरच. "मीच. तिला मारल्यावर मीच बांधली. दुसरं काय करू?" आणि बोलता बोलता त्याचा अंगठा फोनवर फिरला. शालनच्या कानामागची बारीक गुणगुण थांबली. टिकली बंद.

तिनं तोंड उघडलं. "मु... मुडद्या."

"बघा," धैर्यशील हसला. "एवढंच येतंय तिला."

पण मशीन बंद केलं म्हणून राग कुठं बंद होतो! हा राग कुणी पेटवलेला नव्हता. हा तिचा होता, पोटच्या पोरानं दिलेला, आणि टिकलीनं उन्हाळाभर खणलेला पाट त्याच्यासाठी रिकामाच होता. तो भरभरून आला.

"आधी बांधलं!" शालन ओरडली. "जेवल्यावर! पल्लीनं बांधलं! माझा हात खाटंला हुता, भाड्या, मग तिला मारलं कुणी? तुझ्या बापाच्या भुतानं? त्यो गोठ्यात झोपायचा रं, पर बायकूवर हात न्हाई टाकला त्यानं!"

मग पल्लवी बोलली, फाटक्या ओठातून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मीच बांधलं, आण्णा. आत्तींनी सांगितलं म्हणून. ह्यांनीच मारलं. शर्यत हरले की मारतात. मागच्या बी खेपेला ह्यांनीच."

धैर्यशील गोठ्याकडे धावला. वैरणीत हात घालून काठी काढली, टोकाला दोन पितळी दात असलेली. भिंगऱ्या खुंट्याला हिसका देऊन उभा राहिला. "बोलायला शिकलीस व्हय?" म्हणत तो पल्लवीवर आला. आण्णा मध्ये पडले. त्यानं म्हाताऱ्याच्या छातीला काठी टेकवली, चर्र झालं आणि आण्णा पेरूंवर कोसळले. तेवढ्यात पल्लवीनं ओसरीवर धाव घेऊन विळ्यानं कासरा कापला होता. शालन सुटली. मनगटाला कासऱ्याचं टोक लोंबत, पाय ओढत ती थेट मुलाच्या अंगावर गेली. त्यानं तिला ढकललं. तीही पडली आणि तोही झोक जाऊन गोठ्याच्या गव्हाणीवर आदळला. काठी हातातून निसटून घरंगळली ती शालनच्या डाव्या हातापाशी.

तिनं ती उचलली. तो उठून पल्लवीकडे वळत होता. शालननं काठी त्याच्या मानेला टेकवली. चर्र. तो ओरडला आणि भिंगऱ्याच्या पायांमागं उताणा पडला. हातपाय थरथरत होते. डोळे आईकडं होते. "आई," तो म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसं.

इथं थांबता आलं असतं.

शालननं काठी परत टेकवली. चर्र. तो आवाज भिंगऱ्याच्या हाडात भिनलेला होता. त्यानं मागचे दोन्ही पाय झाडले. धैर्यशीलचं कोपर फुटलं. पांढरं हाड कातडीतून बाहेर आलेलं शालननं पाहिलं आणि तिच्या हातून काठी गळून पडली.

मिरजेच्या त्याच दवाखान्यात सगळे जमा झाले. आण्णांना धोका नव्हता. पल्लवीच्या दंडाला प्लास्टर घातलं होतं. धैर्यशीलच्या हातात सळ्या बसवायचं काम आत चाललं होतं. बाहेर बाकावर फौजदार बाई शालनसमोर बसली होती, तरणी, दमलेली, समजूतदार.

डॉक्टरणीनं टिकली तपासली. "बंद होती," ती हळूच म्हणाली. "या घटनेच्या आधीपासून बंद होती. सुरू करू का, काकू? त्याशिवाय तुम्हाला बोलता येणार नाही."

शालननं मान हलवली. नाही. मग दोन बोटांनी कानामागं चिमटा धरून ओढल्याची खूण केली. काढून टाक.

पल्लवी तिच्या कानाशी वाकली. "आत्ती, मशीनवर ढकला. मशीन चालू हुतं म्हणा. मी पण तसंच सांगते. काय हुत न्हाई तुम्हाला."

फौजदार बाईनं ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं. "मशीन बंद होतं असं डॉक्टर सांगतात. मग राहिला बैल. बैल बिथरला, त्यानं लाथ मारली. बैलाला मळ्यावरून हलवतील, विषय मिटेल. तसंच घडलं ना, काकू? नुसती मान हलवा."

मान हलवणं किती सोपं होतं. शालननं आत राग शोधला, शब्द ओढून आणायला. राग कुठंच नव्हता. जळून गेलेल्या उसाच्या फडासारखं सगळं मोकळं पडलं होतं. त्या मोकळ्या रानात ती एकटीच उभी होती आणि तिला आठवत होतं ते दुसऱ्यांदा झालेलं चर्र. पहिलं पल्लवीसाठी होतं. दुसरं नव्हतं.

तिनं ओठ उघडले. काही आलं नाही. डॉक्टरीण पुढं सरकली. शालनच्या कपाळावर घाम आला, मान ताठ झाली, आणि अगदी हळू, नुकतं जन्मलेलं वासरू पाय सावरत उभं राहावं तसा, रागाविना एक शब्द उभा राहिला.

"मी."

फौजदार बाईनं मान वर केली.

"बैल... न्हाई," शालन म्हणाली. "मी. दोनदा."

आणि कासऱ्याचा वळ असलेला डावा हात तिनं आपणहून पुढं केला.